बिशपच्या खुर्चीवरच्या मिरच्या

मी पहिल्यांदा त्या चर्चच्या आवारात पाय ठेवला तेव्हा बिशपच्या खुर्चीवर मिरच्या वाळत होत्या.

बिशपची खुर्ची म्हणजे काय, ते आधी सांगतो. आमच्या पंथात प्रत्येक चर्चमध्ये वेदीच्या एका अंगाला एक खुर्ची ठेवलेली असते. सागवानी, पाठीवर क्रूस कोरलेला. तिच्यावर फक्त बिशपनं बसायचं. बिशप दर वर्षी येवो नाहीतर दहा वर्षांनी, खुर्ची रिकामी राहिली पाहिजे. पाळकसुद्धा तिच्यावर बसत नाही. लहानपणी आमच्या गावच्या चर्चमध्ये मी एकदा असल्या खुर्चीला नुसता टेकलो होतो, तर वडिलांनी माझा कान सुजेपर्यंत पिळला होता. आणि इथं ती खुर्ची भर उन्हात अंगणात काढलेली, तिच्यावर जुनं धोतर पसरलेलं आणि धोतरावर लालभडक मिरच्या! शेजारी जमिनीवर एक म्हातारी बसली होती. अंगावर पांढरं लुगडं, पायांत पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. देठं मोडायचं काम चाललं होतं.

"अहो बाई, ती बिशपसाहेबांची खुर्ची आहे!" मी जवळजवळ ओरडलोच.

म्हातारीनं कपाळावर हात धरून रस्त्याकडं पाहिलं. "आले व्हय साहेब? कुठं हायत? मिरच्या उचलते की लगेच. कवाची वाट पाहून राहिले मी."

"साहेब नाही आले. मी नवा पाळक. आजच हजर होतोय."

"असं व्हय," ती म्हणाली आणि परत खाली बघून देठ मोडायला लागली. "मंग तिकडं सावलीत बसा पाद्रीबाबा. नवीन माणसाला ठसका लागतो."

लागलाच ठसका.

हे गाव हिंगोली जिल्ह्यात, जवळा बाजारहून सिद्धेश्वर धरणाकडं जाताना थोडं आत. नाव सांगत नाही. मी कुणाला भीत नाही, पण गावाला माझ्यापायी ताप नको. मला तिथं टाकलं होतं ते शिक्षा म्हणून. मी मुळात भांडखोर माणूस. शहरातल्या मोठ्या चर्चच्या पंचमंडळींना भर सभेत चार शब्द सुनावले आणि महिन्याच्या आत बदली हातात पडली. आमच्या धर्मप्रांतात, एका बिशपच्या हाताखालच्या सगळ्या मुलखात, भांडखोर पाळकाला पार शेवटच्या टोकाला नेऊन ठेवतात, म्हणजे तिकडं तो काळ्या मातीशी भांडत बसेल. साहेबांचा हिशेब तसा बराबर होता. फक्त त्या टोकाला आधीच कोण बसलंय, ते त्यांना माहीत नव्हतं.

ती म्हातारी म्हणजे आमच्या भागातली शेवटची बायबलबाई. मिशनच्या काळात अशा बाया असत. गावोगाव पायी फिरायच्या, ओट्यावर बसून बायकांना बायबलातल्या गोष्टी सांगायच्या, अक्षरं शिकवायच्या, बाळंतिणीला धीर द्यायच्या. पुढं गोरे लोक गेले, मिशन गेलं, आणि धर्मप्रांतानं हे पदच रद्द केलं. बाईंना तसं सांगायला कचेरीतून एक माणूस आला होता म्हणे. त्याला बाईंनी चहा पाजला, त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालून कामाला निघाल्या. बूट पुरुषी काहून, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाल्या, "आमच्या रानात एक पाऊस झाला की चप्पल मातीला आवडती. सोडतच न्हाई."

सगळं गाव त्यांना नुसतं बाई म्हणायचं. मीही तेच म्हणतो.

धरणाच्या कडेला मासेमारांची वस्ती होती. बाई आठवड्यातून एकदा तिथं जाऊन बसायच्या आणि येशूच्या शिष्यांची गोष्ट सांगायच्या. ते शिष्यही कोळीच. ऐकणाऱ्यांना ती फार आवडायची. म्हणजे आपल्याच धंद्यातले लोक व्हते म्हणा की, असं म्हणत ते बाईंच्या पिशवीत ताजे मासे टाकायचे. ही गोष्ट बाई कित्येक वर्षं सांगत आल्या होत्या. एकदा मी विचारलं, "बाई, इतक्या वर्षांत त्यांच्यातलं कुणी ख्रिस्ती झालं का?"

"काहून?" बाई म्हणाल्या. "मासे चांगले देतात की."

माझ्या प्रवचनांचंही त्यांनी असंच करून टाकलं. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की प्रवचनाला तीन मुद्दे असावेत. दुसरा मुद्दा संपत आला की बाई बाकावरून उठायच्या, पदर सावरायच्या आणि खणखणीत आवाजात पुढचं गीत सुरू करायच्या. एकदा त्यांनी सूर लावला की मंडळीही उभी राहायची, पेटीवाला पेटी ओढायचा, आणि मी तोंड उघडं ठेवून वेदीपाशी उभा. त्या गावाला माझा तिसरा मुद्दा कधीच कळला नाही. कुणाचं त्यावाचून अडलंही नाही.

पण मी खरा हबकलो तो पहिल्या प्रभुभोजनाला.

आमच्याकडं महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकर आणि द्राक्षरस. लोक वेदीसमोरच्या कठड्यापाशी गुडघे टेकतात, पाळक एकेकाच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवतो. भाकर बाईच करायच्या. सकाळी अंघोळ करून, बिनमिठाची, गव्हाची, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून आणायच्या. त्या रविवारी गुडघे टेकलेल्यांच्या रांगेत त्या शेवटी आल्या. पण गुडघे टेकले नाहीत. उभ्या राहिल्या, दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझं न्हाई. अजून पंगत बसली न्हाई."

एवढं बोलून त्या वळल्या आणि जागेवर जाऊन बसल्या. माझ्या हातात तुकडा तसाच. लोकांनी मानही वर केली नाही. त्यांच्या सवयीचं झालं होतं.

उपासना संपल्यावर मी मिलिंदला गाठलं. मिलिंद म्हणजे बाईंचा भाचा, त्यांच्या थोरल्या भावाचा मुलगा. सेनगाव तालुक्यात साखऱ्याला शाळामास्तर होता, दर रविवारी मोटारसायकलवर आत्याला बघायला यायचा. बाईंच्या घरात असं होतं की बाई आणि त्यांची आई ख्रिस्ती राहिल्या आणि भावाचं सगळं घर बौद्ध झालं. एकाच गल्लीत समोरासमोर दारं. इकडं जय ख्रिस्त, तिकडं जय भीम, आणि भाजीची वाटी दोन्हीकडून ये-जा करायची.

मिलिंदनं मला सगळं उलगडून सांगितलं. आमच्या धर्मप्रांताचा नियम असा, की लहानपणी बाप्तिस्मा झाला तरी तेवढ्यानं प्रभुभोजन मिळत नाही. जाणतं झाल्यावर बिशपनं येऊन डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करावी लागते. हा अधिकार बिशपचाच, पाळकाला तो नाही. आणि त्या गावाला बिशप येऊन जमाना झाला होता. मधल्या काळात पोरं मोठी झाली, पोरी लग्न होऊन आल्या, कुणाच्या डोक्यावर हात पडला नाही. सुनीता म्हणून एक होती, सरकारी दवाखान्यात नर्स. तिचं लग्न झालं, पोरगी झाली, पोरगी शाळेत जायला लागली, तरी सुनीता प्रभुभोजनाच्या वेळी मागच्या बाकावर हात बांधून बसलेली. अर्धी मंडळी अशीच बसलेली.

"आत्याचं म्हणणं एवढंच," मिलिंद म्हणाला, "पंगतीत अर्ध्या पानांवर वाढलंच न्हाई तर पहिला घास कोण उचलतं? कुणीच न्हाई. मंग ही पंगत काहून येगळी?"

माझं डोकं जरा लवकर तापतं. मी तडक बाईंच्या घरी गेलो आणि म्हणालो, "बाई, नियम गेला खड्ड्यात. पुढच्या महिन्यात सुनीतानं यावं, सगळ्यांनी यावं. मी देतो. साहेबांना कळणारही नाही."

मला वाटलं होतं, बाई खूश होतील. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी दारातच थांबलो.

"गुपचूप वाढता व्हय पाद्रीबाबा? मागच्या दारानं?" बाई म्हणाल्या. "माझा आजा पाटलाच्या वाड्यामागं उभा राहायचा. लग्नाची पंगत उठली की मागच्या दारानं द्यायचे त्याला. उरलंसुरलं, वरून टाकलेलं. लई खाल्लं आमच्या माणसांनी मागच्या दारानं. इथं न्हाई खायचं तसं. इथं साहेबानं यायचं, समोरच्या दारानं, सगळ्यांदेखत हात ठेवायचा अन् वाढायचं. न्हाईतर मी उपाशी बरी."

मी आल्या वाटेनं घरी गेलो.

चर्चच्या मागच्या खोलीत आजवरच्या बिशपांचे फोटो ओळीनं लावलेले होते. नव्या माणसाला बाई तिथं न्यायच्या आणि धर्मप्रांताचा इतिहास सांगायच्या. मोठमोठ्या पुस्तकांत तो असतो, पण बाईंचा इतिहास सगळा वाहनांचा होता. "हा पहिला गोरा. निजामाच्या राज्यात हिंगोलीच्या छावणीतून घोड्यावर आला. माझ्या आजाच्या ओट्यावर बसला, आमच्या घरचं पाणी पेला. सगळं गाव पाहून राहिलं व्हतं. हा दुसरा. हा बैलगाडीत आला, चिखलात चाक रुतलं तर खाली उतरून ढकलू लागला. हा आपल्यातला पहिला. यष्टीनं आला, डोक्यावरची ती उंच टोपी पिशवीत घालून. तिकीट पण स्वतः काढलं. हा जीपमधून. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला न्हाई, माझ्यावर आधीच्यानं ठेवला, पण हा दर उन्हाळ्याला यायचा." शेवटी एक रिकामा खिळा होता. "अन् आताच्या साहेबाच्या गाडीत थंड हवा हाय म्हणतात. रस्ता बी डांबरी झाला. तर येणं व्हईना."

"फोटो लावला नाही का त्यांचा?"

"तोंड पाहिलं न्हाई, फोटो कशाला लावू?"

मधल्या काही वर्षांत तर आमच्या धर्मप्रांताला एकाऐवजी दोन बिशप होते. जीपवाले निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी दोघांनी आपणच खरे म्हणून दावा ठोकला. कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. दोघांचीही माणसं मंडळ्यांचा पाठिंबा गोळा करत फिरायची. एकदा जवळा बाजारच्या बाजाराच्या दिवशी दोन्हीकडचे लोक एकाच वेळी बाईंच्या दारात आले. बाईंनी दोघांना एकाच बाकड्यावर बसवलं. बसले बिचारे, खांद्याला खांदा लावून, एकमेकांकडं पाठ करता येईना म्हणून समोरच्या भिंतीकडं बघत. दोघांनी आपापल्या साहेबांची थोरवी सांगितली. किती शिकलेत, परदेशात कुठं कुठं जाऊन आले, सगळं.

बाईंनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "लेकरांच्या डोक्यावर हात ठेवायला कवा येऊन राहिले?"

एकजण म्हणाला, केसचा निकाल लागला की येतील. दुसरा म्हणाला, आमचंही तसंच.

"मंग निकाल लागू द्या," बाई म्हणाल्या. "तवर दोघं बी सारखेच हायत मला. चहा घ्या."

पुढं निकाल लागला, दोघांतले एक साहेब झाले. ते काही आले नाहीत. मिरच्या मात्र दर उन्हाळ्यात खुर्चीवर यायच्या.

मिलिंद आत्याला चिडवायचा. "आत्या, सोड की आता. आमच्याकडं ये. विहारात कुणाच्या हाताची वाट पाहावी लागत न्हाई."

"तुमची पंगत बसली, लई बरं झालं," आत्या म्हणायची. "माझी बसायची हाय. अर्ध्यातून उठून जाऊ व्हय?"

आणि मग एका उन्हाळ्यात बाई पडल्या. छातीत पाणी झालं होतं. हिंगोलीच्या दवाखान्यात काही दिवस ठेवलं आणि मग डॉक्टरांनी मिलिंदला बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, सेवा करा. सुनीता ड्यूटी संपवून रोज यायची, अंग पुसायची, औषध द्यायची. मी दुपारी प्रभुभोजनाचं छोटं साहित्य घेऊन गेलो. मरणाच्या दारातल्या माणसाला ते घरी नेऊन देतात, तसा रिवाजच आहे. मी प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. बाईंनी डोळे उघडले, माझ्या हातातला तुकडा पाहिला आणि ओठ घट्ट मिटून घेतले. हात उचलायची ताकद नव्हती, तरी दोन्ही हात पाठीखाली सरकवायची धडपड चालली.

सुनीता रडायलाच लागली. "बाई, घ्या ना! माझ्यापायी काहून उपाशी जाता? मला न्हाई मिळालं तर काय बिघडतं?"

"बिघडतं," बाई म्हणाल्या.

मला इतका राग आला, की काय सांगू! बाईंचा नाही. एवढ्या जीवाच्या बाईला शेवटचा घास मिळू नये, आणि कशापायी, तर एका माणसाला शेदोनशे मैल गाडीत बसून यायला सवड नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी पकडून मी साहेबांच्या कचेरीत जाऊन बसलो. बाहेरच्या माणसाला सांगितलं, भेट झाल्याशिवाय हलणार नाही.

साहेब भेटले. माणूस वाईट नव्हता, हेच तर वाईट. चहा मागवला, बाईंची चौकशी केली, मनापासून हळहळले. टेबलावर शाळांची भांडणं आणि कोर्टाची कामं यांचा ढीग होता, डोळ्यांखाली काळं झालं होतं. म्हणाले, "तुम्ही असं करा. एक गाडी करा, सगळ्यांना इकडं मोठ्या चर्चमध्ये आणा. मी सगळ्यांवर हात ठेवतो. जेवण आमच्याकडं. गाडीचं पण बघू."

मला वाटलं, जिंकलो. धावत परत आलो आणि बाईंच्या खाटेशी बसून सांगितलं. बाईंनी डोळे मिटले. झोपल्या असं वाटलं.

"पाद्रीबाबा," मग त्या म्हणाल्या, मध्ये मध्ये श्वास घेत, "आमी पुस्तक वाचून ख्रिस्ती न्हाई झालो. तो घोड्यावरचा गोरा आमच्या ओट्यावर आला म्हून झालो. आमच्या दारात कुणी येत नव्हतं, तो आला. म्हून. अन् आता आमी गाडी करून त्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं? पंगत उठायची वाट पाहत? माझा आजा उभा राहिला तेवढं बास झालं."

सुनीतानं डोळे पुसले. खोलीत आणखी चार-पाच माणसं होती, सगळ्यांनी ऐकलं.

पुढच्या पहिल्या रविवारी भाकर सुनीतानं केली, बाईंसारखीच, पांढऱ्या फडक्यात. मी प्रवचन केलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिसऱ्या मुद्द्यापर्यंत पोचलो, तर तो काय होता तेच आठवेना. मग प्रभुभोजनाची प्रार्थना सुरू करणार, तोच सुनीताचे सासरे उठले. मंडळीतले सगळ्यात वयस्कर, ज्यांच्या डोक्यावर केव्हाच हात पडलेला होता. ते उभे राहिले आणि हात पाठीमागं बांधले. म्हणाले, "पाद्रीबाबा, आजपासून आमचं बी न्हाई." त्यांच्यामागं त्यांची बायको उठली. मग पेटीवाला. मग झाडून सगळी. कुणी घोषणा दिल्या नाहीत, कुणी रडलं नाही. नुसती माणसं उभी, हात पाठीमागं.

आमच्यात पाळकानं एकट्यानं प्रभुभोजन घ्यायचं नसतं. मंडळीतलं कुणी तरी हवं. मी ताट झाकलं, प्याला झाकला आणि आशीर्वाद देऊन सगळ्यांना घरी पाठवलं. खोटं कशाला सांगू, मला त्या दिवशी त्या लोकांचा पाळक असल्याचा एवढा अभिमान वाटला, की चर्चच्या पायरीवर बसून मी ढसाढसा रडलो.

असली बातमी लपते होय? धर्मप्रांतातल्या एका मंडळीनं प्रभुभोजनच बंद केलं! साहेबांचा फोन आला. आता आवाज चहा पाजणारा नव्हता.

"तुम्ही लोकांना भडकावताय."

"नाही साहेब," मी म्हणालो. "मला तेवढं जमत नाही. ते खाटेवरच्या बाईंनी केलंय."

"मी येतो," साहेब म्हणाले, "आणि काय तो निकाल लावतो. तुमचाही."

"या," मी म्हणालो. "रस्ता डांबरी आहे."

पुढच्याच रविवारी आले. थंड हवेची गाडी धुळीनं माखली होती. मिलिंदनं गल्लीतली बौद्ध पोरं जमवली आणि बाईंची खाट उचलून चर्चमध्ये आणली, वेदीच्या अगदी जवळ. खुर्ची आदल्या दिवशी सुनीतानं तीनदा धुऊन पुसली होती. साहेब आत आले, जांभळा झगा, हातात काठी, चेहरा कडक. समोर बघतात तर खाटेवर ती सुकलेली बाई, पायांत बूट. बाईंनी मुद्दाम घालायला लावले होते. साहेब क्षणभर तिथंच उभे राहिले. मग खुर्चीवर बसले आणि बसल्या बसल्या त्यांना सटासट शिंका यायला लागल्या. लाकडात मुरलेला ठसका पाण्यानं जातो थोडाच! साहेब नाक पुसत राहिले, मंडळी खाली बघत राहिली, आणि खाटेवरून खुदकन हसल्याचा आवाज आला.

निकाल वगैरे काही लावला नाही त्यांनी. नावं पुकारली. एकेक जण पुढं येऊन गुडघे टेकू लागला. सुनीता आली. साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मागं तिची शाळकरी पोरगी बाकावर उभी राहून बघत होती. बाई मान वळवून एकेकाला पाहत होत्या, आणि एकेकाचं झालं की त्यांचे ओठ हलायचे.

मग प्रभुभोजन. साहेबांनी प्रार्थना म्हटली, सुनीतानं केलेली भाकर हातात घेतली, मोडली. आमच्या विधीत, जो वाढतो त्यानं आधी स्वतः खायचं असतं. सगळीकडं तसंच चालतं, मीही तसंच करत आलो होतो. साहेबांनी तुकडा तोंडाशी नेला.

"साहेब," खाटेवरून आवाज आला. दमलेला, पण तोच, माझं प्रवचन बंद पाडणारा. "वाढणारा शेवटी जेवत असतो."

साहेबांचा हात तोंडाशी थांबलेला. चेहरा आधी लाल झाला, मग काय झालं कोण जाणे, त्यांचे डोळे खाली गेले. त्यांच्याही घरी कुणी मागच्या दारी उभं राहिलं असेल. आमच्यात बहुतेकांच्या घरी राहिलं आहे. साहेबांनी तुकडा हळूच ताटात परत ठेवला. ताट उचलून खाली उतरले आणि मागच्या बाकापासून सुरुवात केली. ज्यांना आजवर मिळालं नव्हतं त्यांना आधी, मग म्हाताऱ्यांना, मग मला. सगळ्यांच्या हातावर पडलं. कुणीच तोंडात घातलं नाही. सगळी माणसं तुकडा हातात धरून खाटेकडं बघत उभी.

साहेब खाटेपाशी वाकले. बाईंनी पाठीमागचे हात मोठ्या कष्टानं पुढं घेतले आणि ओंजळ केली. साहेबांनी तुकडा ठेवला. बाईंनी सगळ्यांकडं एकदा पाहिलं.

"हं," बाई म्हणाल्या. "बसली पंगत. घ्या आता."

सगळ्यांनी मिळून खाल्लं. साहेबांनी शेवटी.

त्यानंतर बाई फार दिवस राहिल्या नाहीत. ख्रिस्ती कबरस्तानात एका बाजूनं आम्ही गीत म्हटलं, दुसऱ्या बाजूनं भावाच्या घरचे लोक हात जोडून उभे होते, आणि धरणाकडची मासेमार मंडळी टोपलीभर मासे घेऊन आली. मातीला मासे कशाला, असं कुणी म्हणालं नाही. मागच्या खोलीतल्या रिकाम्या खिळ्याला आम्ही साहेबांचा फोटो लावला. तोंड पाहिलं होतं आता.

माझी बदली झाली नाही. मी मागितलीही नाही. त्या दिवसापासून प्रभुभोजनात मी शेवटी खातो. कचेरीतून दोनदा विचारणा झाली, विधीत असा बदल कुणाच्या परवानगीनं केला म्हणून. मी सांगितलं, साहेबांनीच तसं केलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यावर परत कुणी विचारलं नाही.

साहेब पुढच्या उन्हाळ्याला आले. नव्या पोरांवर हात ठेवले, बाईंच्या कबरीवर जाऊन आले. त्याच्या पुढच्या उन्हाळ्याला काहीतरी सभा निघाली, मग कुठलीशी परिषद, मग पुढच्या वर्षी बघू. यंदाही तेच. पाचसहा पोरं तयार बसली आहेत, त्यांत सुनीताची पोरगीही.

गेल्या रविवारी मी प्रभुभोजनाची प्रार्थना सुरू करणार, तोच सुनीता बाकावरून उठली. दवाखान्यातून थेट आली होती, पायांत पांढरे बूट. कठड्यापाशी आली, पोरीकडं एकदा वळून पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"पाद्रीबाबा," ती म्हणाली, "अजून पंगत बसली न्हाई."

मी ताट झाकलं. प्याला झाकला. मग वेदीच्या अंगाला गेलो, बिशपची खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि मंडळीच्या मधून चालत समोरच्या दारानं बाहेर अंगणात नेऊन ठेवली. ऊन चांगलं कडक पडलं होतं.

सुनीताला म्हटलं, "मिरच्या आण."